पुलावरची सात माणसं

दोन वर्षांपूर्वी एका दिवसात त्या पुलावरून सात माणसं चालत गेली, असं कागदावर आहे. कागद खरा आहे. खाली सही आहे, तारीख आहे, त्या दिवशी हवा कशी होती तेसुद्धा आहे. आणि सातचा आकडा असा वळणदार काढलाय, की काढणारीचं अक्षर सुरेख असणार हे बघताक्षणी कळावं.

काढणारी म्हणजे मोजणीवाली. शहराच्या रस्ते खात्यात कंत्राटावर माणसं मोजायचं काम ती दहा वर्षं करत होती. कडेला स्टूल टाकायचं, फूटपाथवर खडूने आडवी रेघ मारायची आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सहा जो कोणी रेघ ओलांडेल त्याचा एक धरायचा. त्यासाठी मुठीत मावेल एवढं यंत्र असतं. अंगठा दाबला की टिक्‌ होतं आणि आकडा पुढे सरकतो, म्हणून खात्यात सगळे त्याला टिकटिकी म्हणतात. मोजणीवालीचा अंगठा खात्यात नावाजलेला होता. शिंक आली तरी तिच्या हातून माणूस सुटायचं नाही. हिचा कागद दुसऱ्यांदा तपासावा लागत नाही, असं साहेब लोक म्हणायचे, आणि तसं कुणी म्हटलं की त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवायची.

या खेपेला पूल पुन्हा तिच्याच वाट्याला आला. खात्याने ठरवलं होतं की बारा रस्त्यांना रुंद फूटपाथ करायचे आणि शेजारून सायकलींना वेगळी वाट द्यायची. जिथे चालणारे जास्त तो रस्ता यादीत वर. प्रत्येक ठिकाणी तीन दिवस मोजणी, आणि जो रस्ता या यादीत बसणार नाही त्याचं नाव पुढची दहा वर्षं कुणी काढणार नाही. गेल्या खेपेला सात माणसांचा पूल यादीच्या तळाला गेला होता. तळ्याकाठचा रस्ता पहिला आला होता. तिथे सकाळी पोट कमी करायला येणाऱ्यांसाठी आता झाडांच्या सावलीतून लाल फरशीची वाट आहे, आणि ती आणखी रुंद करायला तो रस्ता या खेपेलाही मोजणीत आहे.

आणि आठ दिवसांपूर्वी याच पुलावर एका लॉरीचा आरसा मोजणीवालीच्या मावशीच्या उजव्या खांद्याला लागला होता.

मावशीनेच तिला लहानाचं मोठं केलं. नदीपलीकडच्या रुग्णालयाच्या लाँड्रीत मावशी बावीस वर्षं चादरी धुते, पिळते, घड्या घालते. वस्ती नदीच्या अलीकडे, काम पलीकडे, मध्ये पूल. पूल बांधला तेव्हा तो गाड्यांसाठी बांधला. चालणाऱ्यांसाठी कठडा आणि गाड्यांची कड यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली, तीही राहून गेली म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवड्यांनी हात कामाला येईल. मावशी म्हणाली होती, हात येईल हो, पण लॉरी काय सहा आठवड्यांनी जाणारे?

पहिल्या दिवशी मोजणीवालीने नेहमीप्रमाणे स्टूल टाकलं. पुलाच्या तोंडाशी दोन पावलांचा एक फूटपाथ होता. कुठल्याशा कामातून उरलेल्या फरश्या तिथे लावल्या असाव्यात. तो सुरू व्हायचा आणि लगेच विजेच्या खांबाला जाऊन धडकायचा. नियम असा की रेघ फूटपाथवर ओढायची. तिने त्या दोन पावलांवर रेघ ओढली, टिकटिकी हातात घेतली आणि बसली.

त्या फरश्यांवर कोण चढणार? एकाने चपलेचा अंगठा बसवायला पाय ठेवला. दोन पोरी घाम पुसायला थांबल्या. एका आजोबांनी खांबाला हात लावून श्वास घेतला. बाकी सगळी माणसं खांबाला वळसा घालून थेट रस्त्यावर उतरत आणि पुलावर चालू लागत, एकामागे एक. त्यांच्याकडे मोजणीवालीचं लक्ष जायचं कारण नव्हतं. दोन वर्षांपूर्वीही गेलं नव्हतं. तिची नजर रेघेवर. डोळ्यांत तेल घालून रेघ बघायची, हेच तर ती शिकली होती.

पण या वेळी बघता बघता तिच्या नजरेला एक उजवा खांदा दिसायला लागला. मग दुसरा. प्रत्येक खांद्याच्या बाजूने आरसे जात होते, कुणाच्या कानाजवळून, कुणाच्या कोपराजवळून. दुपारी बारा वाजता तिच्या यंत्रात सहा होते.

रस्त्याच्या पलीकडे गाड्या मोजणारा बसला होता. तीस वर्षं गाड्याच मोजत आलेला म्हातारा. त्याच्या कागदावर मोटार म्हणजे एक, बस म्हणजे तीन, लॉरी म्हणजे तीन आणि सायकल म्हणजे अर्धा. म्हणून खात्यात त्याला सगळे अर्धेमामा म्हणत. त्यालाही ते आवडायचं. माझा जन्म सायकलवाल्यांना चिरण्यात गेला, असं तो चहा पिताना सांगायचा. एकदा कॅरिअरवर बायको बसवून चाललेला माणूस दिसला, तेव्हा म्हणे त्याला घटस्फोट लिहिल्यासारखं वाटलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्याकडे गेली. तिने विचारलं, मामा, तुमच्या कागदावर या चालणाऱ्यांचे किती होतात?

मामांनी कागद तिच्यासमोर धरला. रकाने होते: मोटारी, बस, लॉऱ्या, हातगाड्या, सायकली, अगदी बैलगाडीसुद्धा.

"माझ्या कागदात चालणारा नाही, भाचे," मामा म्हणाले. "आणि तुझ्या कागदात रस्ता नाही."

"मग ही माणसं आहेत तरी कुठे?"

मामांनी पुलाकडे बघितलं आणि हनुवटीने दाखवलं. तिथे.

संध्याकाळी सहाला तिच्या कागदावर अकरा माणसं होती.

घरी मावशी एका हाताने चादरीची घडी घालायचा खटाटोप करत होती. चादरीची घडी दोघींची असते. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन, मग जवळ यायचं, मग लांब जायचं. लाँड्रीत मावशी आणि तिच्या मैत्रिणी घडी घालताना काहीबाही जुळवून गातात, आणि ते गाणं घरी आलं तरी तोंडातून जात नाही. मावशी हनुवटीखाली चादर दाबून गुणगुणत होती:

पायांमागे पाय निघाले, पायांना ना नाव,
पुलावरून वाहत गेले अवघे एक गाव.

मोजणीवालीने दुसरी दोन टोकं धरली. मावशीने सहज विचारलं, आज किती भरले पुलावर?

खोटं बोलायची सवय तिला नव्हती. तिने अकरा सांगितले. मावशीला वाटलं थट्टा आहे. मग भाचीचा चेहरा बघून तिने चादर खाली ठेवली. मोजणीवालीने सगळं सांगितलं: रेघ, दोन पावलांचा फूटपाथ, खांब, नियम. आणि सांगायचं नव्हतं तेही सांगितलं, की गेल्या खेपेलाही पूल तिनेच मोजला होता आणि तेव्हा सात भरले होते. त्या सातांमुळेच पूल तळाला गेला.

 मावशी चिडली असती तर बरं झालं असतं. ती आठवत होती.

"त्या दिवशी मी तुला डबा दिला होता," ती म्हणाली. "कामावर जाता जाता. तुझ्या स्टुलाशी उभी राहिले, तू म्हणालीस मावशी बाजूला हो, रेघ दिसत नाही. मग मी पुलावर गेले. तू बघत होतीस."

"हो."

"मग त्या सातांत मी होते का?"

मोजणीवालीला तोंडात मारल्यासारखं झालं. तिने मान हलवली. नाही. जिने दिलेला डबा ती त्या दिवशी दुपारी चवीने जेवली होती, ती बाई तिच्या डोळ्यांदेखत पूल ओलांडून गेली होती आणि कागदावर कुठेही नव्हती.

मावशीने चादर पुन्हा उचलली. घडी पूर्ण झाल्यावर ती एवढंच म्हणाली, की आता हात मोडलाय म्हणून वाचलीस, नाहीतर या चिडीत तुला दोन रट्टे दिले असते. आणि मग, थोड्या वेळाने, दिवा मालवायच्या आधी: तुझा अंगठा चांगला आहे गं. त्याला बघायला शिकव.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाली पावणेसहालाच पुलावर आली. उजाडत होतं. तिने आधी नियमाची रेघ नियमाच्या जागी ओढली, म्हणजे कुणी बोट ठेवायला नको. मग खडूचा दुसरा तुकडा काढला आणि रस्त्यात उतरली. अर्धेमामांनी काही विचारलं नाही. ते उठले आणि आपली कागद लावायची फळी हातात धरून, जन्मभर ज्यांना फक्त बसून बघितलं त्या गाड्यांसमोर जाऊन उभे राहिले. एका दूधगाडीला त्यांनी अशा रुबाबात थांबवलं, की चालकाने सलाम केला. तोवर मोजणीवालीने या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, अख्ख्या रस्त्यावर, एक रेघ ओढली. दोन्ही कठड्यांवर खुणा केल्या. रेघ चाकांखाली पुसली जाणार हे तिला माहीत होतं. खुणा राहिल्या की रेघ डोळ्यात धरता येते.

मग तिने एक कोरा कागद आखला, वर लिहिलं: रस्त्यावरून चालणारे. आणि बसली.

पहिल्यांदा आल्या रुग्णालयातल्या झाडूवाल्या. सहा, अकरा, सतरा. त्यांच्यामागे पॅकिंगच्या कारखान्यातल्या मुली, केस ओले. त्यांच्यामागे रखवालदार, रात्रपाळी संपवून उलट येणारे, झोपेत चालावं तसे. टिक्‌, टिक्‌, टिक्‌. सात वाजले आणि दोन्ही वाटा भरल्या. अंगठा आपोआप चालत होता, आणि अंगठा चालत असल्यामुळे डोळे मोकळे झाले होते. दहा वर्षांत पहिल्यांदाच ती माणसं बघत होती.

तिला दिसलं, की पुलावर कुणी बोलत नाही. बोलता येतच नाही, कारण शेजारी शेजारी चालता येत नाही. अलीकडच्या टोकाला दोन बहिणी सासूविषयी काहीतरी सांगत येत. पूल लागला की एक पुढे, एक मागे, दोघी गप्प. पलीकडच्या टोकाला पोचल्या की मागची पुढे सरकायची आणि अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच उचलायचं. रोज, जाताना आणि येताना. हा केवढा मोठा मौनाचा पूल आहे, तिच्या मनात आलं.

तिला दिसलं, की सगळ्यांचा डावा खांदा कठड्याला घासतो. जाताना डावा आणि येताना, पलीकडच्या कडेने, पुन्हा डावाच. उजवीकडे लॉऱ्या असल्या की माणूस कठड्याला बिलगतं. सगळ्यांचे कपडे डाव्या खांद्यावर विटलेले. आणि नीट बघितलं तर बऱ्याच जणांच्या डाव्या खांद्याला आतून दुसरं कापड लावलेलं, त्याची शिवण वर उमटलेली. वस्तीतला शिंपी ते न सांगता लावून देतो. कुणी मागत नाही, तो विचारत नाही. एका अख्ख्या वस्तीच्या अंगावर पुलाची खूण होती, आणि ती स्वतः त्याच वस्तीत राहून, त्याच शिंप्याकडे कपडे टाकून, ती खूण आज बघत होती.

मग सायकली. त्या मामांच्या वाट्याच्या, पण मामांनी आज वेगळा कागद घेतला होता. सायकलीवर शिलाई मशीन बांधून चाललेली बाई. गुंडाळलेल्या गाद्यांच्या मागे स्वतःच न दिसणारा माणूस. वडलांना कॅरिअरवर बसवून तपासणीला नेणारी मुलगी, वडलांचा हात तिच्या पाठीवर असा ठेवलेला, जणू तेच तिला ढकलतायत. मामा रस्त्यापलीकडून बोटं वर करून दाखवत होते: एक. पूर्ण एक. बाप आणि लेक असली की दोन बोटं, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की तीस वर्षांचे सगळे अर्धे कुणीतरी त्यांना जोडून दिलेत.

नऊच्या सुमाराला चाकांच्या खुर्चीवरचा माणूस आला. कडेची वीतभर जागा त्याच्या खुर्चीला पुरणारी नव्हती. त्याने खुर्चीला काठी बांधली होती, काठीला लाल फडकं. तो सरळ गाड्यांच्या वाटेत शिरला आणि आपल्या हातांनी चाकं फिरवत, घाई न करता निघाला. मागे बस, बसच्या मागे लॉरी, लॉरीच्या मागे मोटारींची रांग. भोंगे वाजत होते. त्याने मागे वळून पाहिलं नाही. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो एकटा माणूस सगळ्या शहराला आपल्या चालीने चालवत होता. मोजणीवाली उभी राहिली. का उभी राहिली ते तिलाही सांगता आलं नसतं. अंगठा दाबला. एक.

कुणाच्या तरी लक्षात आलं की ही बाई आज रस्ताच मोजतेय. मग येता-जाता प्रश्न सुरू झाले. मला धरलंस का गं? माझी जाऊ मागे आहे, निळ्या साडीत, ती सोडू नकोस. चार घरचा स्वयंपाक करणारी एक जाडजूड बाई म्हणाली, मी जागा दोघींची घेते, मला दोन धर. मामांनी पलीकडून ऐकलं आणि ओरडून सांगितलं, माझ्याकडे आली असतीस तर अर्धीच धरली असती. ती बाई हसत हसत पुलावर गेली आणि चार पावलांवर गप्प झाली, सगळे होतात तशी.

दुपारी साडेचारला टिकटिकीवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव आले. यंत्राला चारच घरं होती. कोणत्याही रस्त्यावर, कोणत्याही खेपेला, खात्याच्या यंत्राला पाचवं घर लागलेलं नव्हतं. मोजणीवालीने वर बघितलं. समोरून शाळेतली एक मुलगी येत होती, दप्तर पुढे छातीवर घेतलेलं, कारण पाठीवर घेतलं तर कठड्याला अडकतं. मुलीने रेघ ओलांडली. मोजणीवालीने अंगठा दाबला आणि चारही घरं एकदम फिरली, खर्रर्र आवाज झाला, आणि यंत्र रिकामं झालं. ते इतकी माणसं धरायला केलेलंच नव्हतं. तिने कागदावर एक उभी रेघ मारली, शेजारी लिहिलं, ही एक रेघ म्हणजे दहा हजार.  मुलगी पुलाच्या मध्यावर पोचली होती आणि तिच्यामागे अजून येतच होते.

त्या दिवशी नियमाच्या कागदावर नऊ माणसं होती. आखलेल्या कागदावर बारा हजार आठशे सेहेचाळीस. तिने दोन्ही कागद एकत्र टाचून पाठवले.

तिसऱ्या दिवसापर्यंत गोष्ट वस्तीभर झाली होती, आणि सकाळी आठ वाजता शिंपी आपल्या घरची नऊ माणसं घेऊन हजर झाला. त्याला कुठेही जायचं नव्हतं. पूल ओलांडायचा, तिकडे चहा प्यायचा, परत यायचं. मोजणीवालीने त्याला परत जायला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. त्याने ऐकवलं, की काल एवढ्या लोकांना धरलंस आणि माझ्याच वेळी हात आखडला. तुझ्या ब्लाउजांचे खांदे कोण शिवतं? तिने हात जोडले. ती म्हणाली, काका, यातला एक जरी खोटा निघाला ना, तर बारा हजार खोटे पडतील. जेवढे खरे आहेत तेवढेच फार आहेत. शिंपी थोडा वेळ घुटमळला. मग घरच्यांना परत पाठवून स्वतः कडेला उभा राहिला आणि कुणी नुसतं मोजून घ्यायला आलंच, तर त्याला तोच परत पाठवू लागला. तिच्यापेक्षा कडक.

साडेचारला अभियंता मॅडम आल्या. सगळ्या रस्त्यांची यादी त्यांच्याच हातून वर जायची. चाळिशीच्या, कामसू, कमी बोलणाऱ्या. गाडी पलीकडे उभी करून त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन्ही कागद होते. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, की याच्यावर नऊ आहेत आणि याच्यावर बारा हजार आठशे सेहेचाळीस, खरं कोणतं?

दोन्ही खरे आहेत, मोजणीवाली म्हणाली.

मॅडमनी खांबाकडे, दोन पावलांच्या फूटपाथकडे बघितलं. मग म्हणाल्या, की त्यांना ऑफिसात कळलंय, मोजणीवालीच्या घरातलं माणूस इथेच जखमी झालंय. त्यांना वाईट वाटतंय. पण उद्या वरचे विचारतील, की तळ्याकाठी दोन हजार भरतात आणि जिथे फूटपाथसुद्धा नाही तिथे बारा हजार कसे. आणि दुसरा प्रश्न विचारतील, की मोजणारी कोण. तेव्हा हा कागद टिकणार नाही. तो जोडूच नये हे बरं.

मोजणीवालीने मावशीचा विचार केला. सहा आठवडे, त्यातला जेमतेम दीड सरलेला. तिच्याकडे बोलायला पुष्कळ होतं. पण दहा वर्षं ती बोलून नाही, मोजून काम करत आली होती.

"बरोबर आहे, मॅडम," ती म्हणाली. "माझं धरू नका. तुम्ही बसा."

आणि तिने तोवरचा आकडा कागदावर टिपला, टिकटिकी शून्यावर आणली आणि पुढे केली. आजवर ती तिने कुणाच्याही हातात दिली नव्हती. चहाला जाताना सुद्धा नाही.

मॅडमना वाटलं असावं, पाच मिनिटं बसू. त्या स्टुलावर टेकल्या. मोजणीवाली मागे उभी राहिली आणि सवयीने बोटांच्या पेरांवर मोजत राहिली. दोन्ही कठड्यांवरच्या खुणा तिने दाखवल्या. मॅडमनी अंगठा दाबला, एक. दोन. मग पलीकडे कारखान्याचा भोंगा झाला.

माणसं दिसायच्या आधी आवाज येतो. हजारो चपलांचा, एकात एक मिसळलेला, दुरून पाणी यावं तसा. मग पुलाच्या पलीकडच्या टोकावर एक काळसर कड दिसते, आणि ती कड बारीक होऊन, ओघळून, कठड्याच्या बाजूने तुमच्याकडे यायला लागते. एका माणसाच्या रुंदीची आणि नजर पोचेल तिथपर्यंत लांब. पाठीमागे सूर्य होता. प्रत्येक जण दिव्याच्या वातीसारखा कडेने उजळलेला. बाजूने बस गेली की पूल हलायचा, आणि ती सगळी रांग एकदम, एका श्वासात, कठड्याला टेकायची; बस गेली की पुन्हा सरळ. कुणी सांगत नव्हतं. कुणी एक-दोन-तीन म्हणत नव्हतं. शेताला वारा लागावा तशी ती रांग वाकत होती आणि उठत होती.

 मॅडमचा अंगठा चालत होता. थोड्या वेळाने त्यांनी हात बदलला. रग लागली असणार. मग पुन्हा बदलला. चाकांच्या खुर्चीवरचा माणूस घरी परतत होता, लाल फडकं, मागे सगळं शहर. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचा अंगठा थांबला. मोजणीवालीची पेरं थांबली नाहीत.

पावणेसहाला मॅडमनी यंत्र वाचलं. दोन हजार दोनशे चार. त्यांनी मान वळवून विचारलं, तुमचे?

दोन हजार तीनशे एकवीस.

"माझे कुठे सुटले?"

"बसच्या आडून गेलेले," मोजणीवाली म्हणाली. "आणि खुर्ची गेली तेव्हाचे. मधे तुम्ही बघत होतात."

मॅडम हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. त्यांनी खात्याचा छापील फॉर्म मांडीवर घेतला आणि पेनने शेवटच्या रकान्याच्या बाहेर, कोऱ्या समासात, उभी रेघ ओढून एक रकाना पाडला. वर लिहिलं, रस्त्यावरून चालणारे. कालचा आकडा लिहिला. आजच्यासाठी जागा सोडली. समोर लिहिलं, एक तास मी स्वतः बसून पडताळलं, आणि खाली सही केली. मग स्वतःशीच बोलावं तशा म्हणाल्या, की तळ्याकाठी दोन हजार आहेत. यादी आकड्याने लागते, आता हा पूल पहिला लावावाच लागेल. हे लिहून दिल्यावर मलाही तो खाली सरकवता येणार नाही. या पुलावरून त्या वर्षानुवर्षं गाडीने जात होत्या, हे मात्र त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते त्यांच्या वाकलेल्या पाठीवरून दिसत होतं.

अर्धेमामा पलीकडून उठून आले होते. त्यांनी आपला सायकलींचा कागद मॅडमच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं, यात एकही अर्धा नाही, जपून ठेवा.

सहाला अजून दहा मिनिटं होती. मोजणीवालीने टिकटिकी घ्यायला हात पुढे केला. मॅडमनी ती दिली नाही. असू दे, सहा होऊ देत, त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खुणांवर नजर लावून बसल्या.

मावशीला त्या दिवशी पट्टी बदलायला रुग्णालयात बोलावलं होतं. तुझ्या मोजणीसाठी मी मुळीच येणार नाहीये, असं तिने सकाळीच बजावलं होतं. आता ती परतत होती. मोजणीवालीने तिला लांबूनच ओळखलं: उजवा हात गळ्यात बांधलेला, डावा खांदा कठड्याला, पुढे एक पाठ, मागे एक छाती, मध्ये ती. लॉरी आली तेव्हा तिने झोळीतल्या हातावर दुसऱ्या हाताचा पंजा ठेवला, लहान मूल झाकावं तसा. लॉरी गेली. ती पुन्हा चालू लागली.

तिने भाचीला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. पुलावर कुणी थांबत नाही. मागे माणसं असतात.

मोजणीवालीने काही सांगितलं नाही. ती मॅडमच्या हाताकडे बघत राहिली. मॅडमना ही बाई कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, जसं तिच्या आधीच्या माणसाकडे पाहिलं होतं. मावशीचं पाऊल पुसलेल्या रेघेवरून पुढे पडलं.

टिक्‌.

मागून कांद्याची टोपली घेतलेली एक बाई येत होती, तिच्यामागे दोन मुली, त्यांच्यामागे आणखी कुणी. मॅडमचा अंगठा वर उचललेला होता.